‘नको’ म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

आमच्या जुन्या नाशकात कुणी जरा वेगळं वागायला लागलं की लोक सहज म्हणत, ‘याला येरवड्याला पाठवा.’ कुणी ठाण्याचं नाव घेई. विदर्भातली मंडळी नागपूरचं घेतात, कोकणातली रत्नागिरीचं. गावाचं नाव बदलतं, टोमणा तोच राहतो. महाराष्ट्रातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं बराच काळ ही चारच होती आणि चारही इंग्रजांच्या अमदानीत उभी राहिली. लहानपणी मीही हा विनोद केला आहे. पुढे आमच्या घरातल्या एका माणसाला खरोखरच एका मनोरुग्णालयात नेलं. त्या दिवसापासून तो विनोद माझ्या तोंडून निघाला नाही.

या चारही गावांत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुरुंग. वेड्यांचं इस्पितळ आणि तुरुंग यांचा हा शेजार नुसता जागेचा नाही, इतिहासाचाही आहे. ज्या राजवटीला कुणी जाब विचारू शकत नाही, तिथे मनाच्या आजारावर उपचार कसे होतात? आणि उपचाराची शिक्षा नेमकी कधी होते? आज मला याविषयी बोलायचं आहे. बोलताना ‘वेडा’ हा शब्द येईल. तो त्या काळच्या कायद्यात आणि लोकांच्या तोंडी होता म्हणून येईल, कुणाला हिणवण्यासाठी नाही.

ही गोष्ट नाशकातूनच सुरू होते, आणि तीही कवितांपासून.

कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, हे नाशिकचे. पायांनी अधू, पण शब्द असे की सरकारला त्यांची धास्ती वाटावी. त्यांच्या काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर खटला झाला आणि ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. पुढचा इतिहास नाशिककरांना पाठ आहे. बाबारावांपाठोपाठ जुलै १९११ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विनायकरावही अंदमानात पोचले.

सावरकरांच्या पुढच्या राजकीय विचारांशी माझं जमत नाही. पण त्यांचं ‘माझी जन्मठेप’ हे १९२७ सालचं पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं आणि त्यातला एक माणूस माझ्या मनातून कधी गेला नाही. त्याचं नाव उल्लासकर दत्त.

उल्लासकर बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले, हसतमुख, गाणारे. १९०८ च्या अलीपूर बॉम्ब खटल्यात पकडले गेले. आधी फाशी झाली, अपिलात तिची जन्मठेप झाली आणि त्यांना अंदमानला पाठवलं. तिथे कोलू होता, काथ्या कुटणं होतं, उन्हातान्हात विटा करणं होतं. १९१२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे सहबंदी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. उल्लासकरांनी काम करायला नकार दिला. तेव्हा हात वर बांधून तासन् तास उभं राहण्याची, खड्या हातकडीची शिक्षा त्यांना झाली. जून महिना होता. अंगात जबर ताप भरला, शुद्ध हरपली आणि ते भ्रमात बोलू लागले.

त्यांना तुरुंगाच्या इस्पितळात नेलं आणि तिथे त्यांच्या अंगाला विजेची बॅटरी लावली. त्या काळी डॉक्टरांकडे अशी बॅटरी असे. लकव्यावर, नसांच्या दुखण्यावर तिचे सौम्य झटके देत. आजाराचं ढोंग करणारा ओळखायलाही तीच वापरत. झटका जोराचा दिला की ढोंगी माणूस ताळ्यावर येईल, असा त्यामागचा हिशोब. उल्लासकरांनी पुढे आपल्या तुरुंगातल्या बारा वर्षांच्या आठवणी लिहिल्या. त्यांत त्यांनी तो विजेचा प्रवाह अंगातला प्रत्येक स्नायू फाडत गेल्याचं सांगितलं आहे.

आता जरा थांबून विचार करू. त्या खोलीत डॉक्टर होता, यंत्र होतं, खाट होती, रोगी होता. वरवर पाहता हा दवाखानाच. पण तिथला रोगी ‘नको’ म्हणू शकत नव्हता, आणि म्हणाला असता तरी त्याचं ‘नको’ ऐकायला भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. उल्लासकरांना आधी अंदमानातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, १९१३ मध्ये मद्रासच्या इस्पितळात हलवलं आणि १९२० मध्ये ते सुटले. १९४८ मध्ये त्यांनी तरुणपणी मनात असलेल्या लीलाबाईंशी लग्न केलं. बिपिनचंद्र पालांच्या या कन्या तेव्हा विधवा होत्या आणि आजारी होत्या. उल्लासकरांनी त्यांची सेवा केली. १९६५ मध्ये ते गेले. ज्याला सरकारने वेडा ठरवलं, त्या माणसाचं हे पुढचं आयुष्य.

योगायोग असा की उल्लासकरांना बॅटरी लावली ते १९१२ हेच साल आपल्या देशातल्या वेड्यांच्या कायद्याचं. १८५८ चे जुने कायदे मोडून सरकारने ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ आणला. या कायद्याचा गाभा उपचाराचा नव्हता, ताब्याचा होता. रस्त्यात भटकणारा, धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने पकडायचा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि आत पाठवायचा. आत जाण्याची वाट हुकमाची होती. बाहेर येण्याची वाट मात्र नातेवाइकांच्या मर्जीवर, साहेबाच्या सहीवर आणि नशिबावर होती.

आत उपचार काय होते? आजच्या अर्थाने फारसे नव्हतेच. झोप येण्यासाठी क्लोरल, पॅराल्डिहाइड, ब्रोमाइड. हिंडणाऱ्याला कोठडी. बाकीच्यांना बागकाम, विणकाम, दळण. साहेब लोकांसाठी मात्र वेगळी सोय. १९१८ मध्ये रांचीला खास युरोपियन रुग्णांचं इस्पितळ निघालं. दुखणं एक असलं तरी वॉर्ड चामडीच्या रंगाप्रमाणे वेगळे.

आणि आजाराचं कारण कोण लिहीत असे? याचा मोठा पुरावा सरकारनेच मागे ठेवला आहे. गांजामुळे वेड लागतं की काय हे तपासण्यासाठी १८९३ मध्ये एक आयोग नेमला होता. या आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांचे कागद पुन्हा तपासले. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ लिहायचं आणि पुढे तोच शब्द इस्पितळाच्या तक्त्यात चढायचा, असा प्रकार उघड झाला. हे आकडे विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, असं आयोगालाच म्हणावं लागलं. म्हणजे माणसाच्या मनात काय मोडलं, याचं निदान शिपायाच्या हातची पेन्सिल करत होती. रुग्णाची स्वतःची हकिकत लिहिण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

१९२० च्या सुमारास ‘असायलम’चं नाव बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झालं. पाटी बदलली, भिंती त्याच राहिल्या. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा अखंड हिंदुस्थानातल्या सुमारे चाळीस कोटी लोकांसाठी मनोरुग्णालयांत साधारण दहा हजार खाटा होत्या. या इस्पितळांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांचं मत असं पडलं की यांतली बहुतेक बरं करण्यासाठी नव्हे, डांबून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत.

आपल्याकडे हे चाललं असताना युरोपात काय चाललं होतं, हेही पाहायला हवं. कारण पुढचे सगळे उपचार तिथून आपल्याकडे आले.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने हजारो सैनिकांची मनं कोसळली. कुणाची वाचा गेली, कुणाचे हातपाय लटपटू लागले. त्यांना पुन्हा आघाडीवर धाडायचं म्हणून जर्मनीत, ऑस्ट्रियात, इंग्लंडातही विजेचे वेदनादायक झटके दिले गेले. अंदमानातला हिशोबच इथे होता, की आजारापेक्षा उपचार जास्त भयंकर वाटला पाहिजे. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग या प्रख्यात डॉक्टरांवर युद्धानंतर १९२० मध्ये याबद्दल चौकशी बसली. सिग्मंड फ्रॉइड तिथे तज्ज्ञ म्हणून मत द्यायला गेले होते. डॉक्टर निर्दोष सुटले. मेंदूच्या उपदंशावर मुद्दाम हिवताप देण्याचा उपाय त्यांनी शोधला होता. त्यासाठी १९२७ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं.

मग एकामागून एक ‘धक्क्याचे’ उपचार आले. इन्शुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत नेणं, औषध टोचून झटके आणणं. आणि एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये डोक्याला वीज लावून झटका आणणं. तेव्हा इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही होती. चेर्लेत्ती आणि बिनी या दोन डॉक्टरांनी हा उपाय काढला. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना आधी विजेने गुंगवतात, हे चेर्लेत्तींनी पाहिलं होतं.

पहिला रुग्ण कोण? रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडलेला, असंबद्ध बोलणारा एक माणूस. पोलिसांनीच त्याला इस्पितळात धाडलं. आपल्या १९१२ च्या कायद्याची आठवण यावी असाच प्रसंग. पहिला झटका कमी पडला. दुसरा द्यायची तयारी सुरू झाली तेव्हा तो माणूस, जो तोवर अर्थहीन बडबडत होता, तो अगदी स्पष्ट बोलला. दुसरा नको, जीव जाईल, अशा अर्थाचं. ही हकिकत खुद्द चेर्लेत्तींनीच पुढे सांगितली आहे. डॉक्टरांनी दुसरा झटका दिलाच. आणि पुढच्या काही आठवड्यांत, त्याच पद्धतीने उपचार होत होत, तो माणूस सुधारला.

ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण ती सरळ नाही. उपचार उपयोगी होता. आजही भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात माणसाचा जीव वाचवतो. पण त्या दिवशी त्या खोलीत सर्वांत शहाणं वाक्य रुग्णाचं होतं, आणि ते कुणी मोजलं नाही.

मेंदूवरच्या शस्त्रक्रियेची कथा याच्या पुढची. १९३५ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी ती सुरू केली. पोर्तुगालवर तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती आणि आपला गोवाही त्याच लिस्बनच्या हुकमाखाली होता. या मोनिझ यांनी त्याआधी आपल्या कांदोळीच्या आबे फारिया यांच्यावर, संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्या त्या गोमंतकीय धर्मगुरूवर, पुस्तक लिहिलं होतं. बोलून, सुचवून मनापर्यंत पोचता येतं हे फारियांनी दाखवलं आणि त्यांच्या चरित्रकाराने मन शांत करायला हत्यार हातात घेतलं. १९४९ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

पण इथे आपण घाई करून सगळं पाप हुकूमशहांच्या माथी मारू नये. ही शस्त्रक्रिया सर्वांत जोमाने फोफावली ती लोकशाहीवाल्या अमेरिकेत, तिथे ती हजारोंवर झाली. आणि तिच्यावर १९५० मध्ये बंदी घातली ती स्टालिनच्या रशियाने. म्हणजे हत्यार कुठल्या राजवटीत निघालं यावरून त्याचं पाप-पुण्य ठरत नाही. ते माणसाला न विचारता वापरता येतं का, यावर ठरतं. हुकूमशाहीत फरक इतकाच पडतो की न विचारणं हाच नियम होतो आणि मग त्याला तळ राहत नाही. नाझी जर्मनीत १९३९ ते १९४१ या काळात ‘टी-फोर’ नावाच्या मोहिमेत इस्पितळांतल्या सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्णांना आणि अपंगांना विषारी वायूने मारलं. यादी डॉक्टरांनी केली. फॉर्म भरले, खुणा केल्या आणि बसगाड्या निघाल्या. छळछावण्यांत पुढे जे झालं, त्याची तालीम इस्पितळात झाली होती.

मग गोळ्या आल्या आणि साखळ्या तुटतील अशी आशा जगभर वाटली. या गोष्टीत आपल्या मातीचा वाटा मोठा आहे, तो आपण विसरतो.

सर्पगंधा ही आपली वनस्पती. बिहार आणि उत्तर प्रदेशात तिची मुळी ‘पागलपन की दवा’ म्हणूनच विकली जाई. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण येतो असा लेख लिहिला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी या मुळीतून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असं नाव दिलं. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन निघालं. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५२ मध्येच पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला होता. कविराज, हकीम, पारशी डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ अशा सगळ्यांच्या हातून ही मुळी जगभर गेली. रिसर्पीन पुढे मागे पडलं, पण मनाच्या आजारावर औषध असू शकतं हा भरवसा राहिला. वर्षानुवर्षं कोठडीत असलेली माणसं घरी जाऊ लागली.

मात्र गोळीसुद्धा शिक्षा होऊ शकते, हे एका कवयित्रीच्या वाट्याला आलं.

नताल्या गोर्बानेव्स्काया ही मॉस्कोची. रशियाने चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसवल्या, त्याच्या निषेधासाठी २५ ऑगस्ट १९६८ रोजी मूठभर माणसं लाल चौकात बसली. ही आपलं तान्हं बाळ बाबागाडीत घेऊन आली होती. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिला पकडलं. तज्ज्ञ डॉक्टरांनी निदान केलं की तिला ‘मंद गतीचा स्किझोफ्रेनिया’ आहे. या आजाराची गंमत अशी की लक्षणं दिसायची गरजच नसे. सरकार चुकतं आहे असं वाटणं हेच लक्षण. तिला कझानच्या खास मनोरुग्णालयात ठेवून हॅलोपेरिडॉल दिलं. योग्य रुग्णाला योग्य प्रमाणात दिलं तर हेच औषध आधार देतं. निरोगी माणसाला दिलं तर अंग ताठतं, एका जागी बसवत नाही. १९७२ मध्ये ती सुटली, पुढे पॅरिसला गेली आणि २०१३ मध्ये तिथेच वारली. जगभरच्या मनोविकारतज्ज्ञांनी जाब विचारायला सुरुवात केली तेव्हा १९८३ मध्ये रशियाची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली.

कवी गोविंदांच्या कवितांपासून गोर्बानेव्स्कायापर्यंत आलो. आता मला आपल्या घरात यायचं आहे. कारण हुकूमशाही काही फक्त राजवाड्यात नसते.

माझे छोटे मामू नाशकातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मराठी मी शाळेत शिकलो, पण मराठीची गोडी मला मामूंनी लावली. शिशाचे खिळे उलटे वाचायची त्यांना इतकी सवय की दुकानांच्या पाट्या ते आरशात पाहिल्यासारख्या वाचून आम्हा पोरांना हसवत. प्रूफ वाचल्याशिवाय फर्मा मशीनवर चढवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. मी दहा-अकरा वर्षांचा असताना, १९८० च्या आसपास, ते रात्र रात्र जागू लागले. कुणी तरी आपल्या खिळ्यांची जागा बदलतंय म्हणायचे. मग मालकाशी भांडण, मग रस्त्यात आरडाओरडा.

नानी त्यांना आधी एका दर्ग्यावर घेऊन गेली. दर्ग्याचं नाव सांगत नाही. तिथे त्यांच्या पायात साखळी घातली आणि दुसरं टोक झाडाला बांधलं. चाळीस दिवस ते तिथे होते. साखळीची किल्ली नानीच्या कमरेच्या जुडग्यात असे. ती रडायची आणि किल्ली जपायची. उर्दू शायरीत वेड्याला केवढा मान! ‘मजनू’ या शब्दाचा अर्थच मुळी वेड लागलेला. मुशायऱ्यात आम्ही त्या दिवाण्यावर वाहवा करतो. पण घरातल्या दिवाण्याला आम्ही झाडाला बांधतो.

तिथून आणल्यावर त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. कोणत्या, तेही राहू दे. दीड वर्षाने परत आले तेव्हा केस बारीक कापलेले आणि चेहऱ्यावर एक कायमचं दचकलेपण. एकदाच बोलले, की चार जणांनी हातपाय धरले होते आणि दातांत कापडाचा बोळा दिला होता. शुद्धीत असताना. भूल न देता झटका देण्याची ही रीत आपल्याकडे कितीतरी दशकं चालू होती. गेलेल्या आठवणी काही परत आल्या, काही नाही. हात मात्र विसरले नव्हते. ओट्यावर बसले की बोटं हवेत खिळे उचलून जुळवत राहायची.

पुढे शहरात चांगले डॉक्टर मिळाले. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मामूंनी वीस-पंचवीस वर्षं बरी काढली. हे मी मुद्दाम सांगतो. गोळ्यांनी त्यांना माणसांत आणलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर माझं भाषण ऐकून गोळ्या बंद करू नका.

दरम्यान ६ ऑगस्ट २००१ उजाडला. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी घरं होती. त्यांतल्या एकाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. वर्तमानपत्र वाचताना मला नानीचं किल्ल्यांचं जुडगं आठवलं. तिथे कुठलाही हुकूमशहा नव्हता. बहुतेकांना आणून सोडणारे त्यांचेच आईबाप, भाऊ होते. दोनच वर्षं आधी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी छापली होती. त्यांतली सुमारे ३८ टक्के अजून तुरुंगाच्या धर्तीवरच होती. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये पकडून तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकलं, १९६७ मध्ये ते बरे असल्याचा दाखला मिळाला, तरी त्यांना तुरुंगात धाडलं. ते सुटले २००५ मध्ये. चोपन्न वर्षं गेली. लोकशाहीत माणसाला विसरायला एक फाईल पुरते.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. २००४ मध्ये मामूंचा आजार पुन्हा उलटला. खाणंपिणं सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, शॉक द्यावे लागतील, भूल देऊन देऊ, घाबरू नका. नर्सने फॉर्म पुढे केला. नातेवाइकाची सही. मी केली. मी बीए झालेला, कविता लिहिणारा, उल्लासकर दत्तांवर तावातावाने बोलणारा. फॉर्म न वाचता सही केली आणि शेजारच्या खाटेवर पडलेल्या माणसाला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना काय कळणार, असं मनात म्हणालो.

उपचाराचा गुण आला. तीन आठवड्यांनी मामू उठून चहा मागू लागले. घरी आल्यावर एके संध्याकाळी त्यांनी विचारलं, ‘सही तूच केलीस ना?’ मी हो म्हणालो. ‘वाचून केलीस?’ मी गप्प. मग म्हणाले, ‘प्रूफ तर वाचायचं होतंस रे. आणि मी तिथेच होतो.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

१९१२ चा कायदा आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही पंचेचाळीस वर्षं चालला. १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे यांच्या अर्जावर सांगितलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्यात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायला बंदी आहे. कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट, म्हणजे आपण बरे असताना लिहून ठेवू शकतो की पुढे माझं मन आजारी पडलं तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने बोलायला कोण हवा. शंभर वर्षांपूर्वीच्या तक्त्यात नसलेला रुग्णाचा रकाना कायद्याने आता ठेवला आहे.

पण रकाना असला म्हणून भरला जातोच असं नाही. किती घरांत हा कागद लिहिलेला आहे? किती ठिकाणी नातेवाईक आजही माझ्यासारखी सही करतात? मामू २०११ मध्ये गेले, हा कायदा त्यांनी पाहिला नाही. मी मात्र गेल्या वर्षी माझा कागद लिहिला. मुलीला वाचून दाखवला. तिने दोन जागी दुरुस्ती सुचवली. मग पुन्हा वाचला आणि मगच सही केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)